आधी तोंड उघडून बघा

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की आमच्या तालुक्याच्या गावात दवाखान्यांपुढे गर्दी वाढते. हातात थोडा पैसा असतो, वावरात काम नसतं, तेव्हा वर्षभर अंगावर काढलेलं दुखणं दाखवायला माणसं येतात. अशाच एका दुपारी एक कास्तकार बायकोला घेऊन माझ्या कलेक्शन सेंटरवर आला. खिशातून मोबाईल काढून त्याने एक जाहिरात दाखवली. "भाऊ, रक्तातून कॅन्सर समजते म्हनते आता. आमच्या मोठ्या भावाले झाला होता. माहं रक्त काढून घ्या, कितीले आहे ते सांगा."

मी सिरिंज बाजूला ठेवली आणि त्याला विचारलं, जेवण कसं जातं? तो गप्प राहिला. बायको म्हणाली, "दोन महिने झाले, तिखट खात नाही हे. भाजीत मिरची टाकली का ताट सरकवते." मी त्याला तोंड उघडायला सांगितलं. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. याची दीड मावली. मोबाईलच्या उजेडात गालाच्या आतली बाजू पांढुरकी, चामड्यासारखी ताणलेली दिसली आणि डाव्या कोपऱ्यात, जिथे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटलेला चुरा, धरला जातो तिथे, नखाएवढा पांढरा चट्टा. हे सगळं पाहायला दोन मिनिटं लागली नाहीत आणि एक रुपयाही लागला नाही.

मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यात बावीस वर्षं लोकांचं रक्त काढतोय, नळ्यांवर नाव लिहितोय, बर्फाच्या डब्यात भरून मोठ्या लॅबकडे रवाना करतोय. रक्ततपासणीवर माझं घर चालतं. तरीही सांगतो, विदर्भाच्या खेड्यात कॅन्सर लवकर सापडावा असं वाटत असेल तर आज मागणी रक्ताच्या नळीची करायची नाही. मागणी करायची ती उपकेंद्रात तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड तपासणाऱ्या हातांची, आणि संशय आल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतच्या रस्त्याची. तो रस्ता नसेल तर जगातली सगळ्यात भारी रक्ततपासणी इथे आणून ठेवली तरी तिच्यातून नुसता कागद निघेल.

हे म्हणायला मला उशीर झाला, आणि त्याचं कारणही सांगितलं पाहिजे. सात वर्षांपूर्वी एका लॅबचं 'कॅन्सर पॅकेज' मी गावोगावच्या शिबिरांत विकत होतो. त्यात सीईए, सीए १९-९, एएफपी, पुरुषांसाठी पीएसए आणि बायांसाठी सीए-१२५ अशा, कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ मोजणाऱ्या तपासण्या होत्या. एका शिबिरात चाळिशी ओलांडलेल्या एका माणसाने हौसेने पैसे भरले. रिपोर्ट नॉर्मल आला. त्याने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला, पानठेल्यावर चार जणांना दाखवला आणि खर्रा पूर्वीसारखाच चालू ठेवला. वर्ष-सव्वा वर्षाने तो आला तेव्हा गाल सुजलेला होता आणि रुमालाने झाकला तरी वास लपत नव्हता. शिबिराच्या दिवशी मी त्याचा दंड पाहिला, शीर पाहिली. तोंड पाहिलं नाही. आणि त्या पॅकेजमधली एकही तपासणी तोंडाचा कॅन्सर लवकर पकडण्यासाठी बनलेलीच नव्हती. हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं.

या जुन्या तपासण्यांबद्दल आधी बोलून टाकतो, कारण खेड्यापाड्यांत 'रक्तातून कॅन्सर' म्हणून आजही बहुतेक ठिकाणी याच विकल्या जातात. सीईए हे विडी-सिगारेट ओढणाऱ्याचंही वाढलेलं असतं. पीएसए प्रोस्टेटची साधी वाढ झाली किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी वाढतं. एएफपी काविळीच्या जुन्या आजारात वाढतं. सीए-१२५ पोटाच्या टीबीमध्ये वाढतं, पाळीच्या दिवसांतही वाढतं, आणि आमच्या भागात टीबी काही दुर्मीळ नाही. कॅन्सर झालेल्या रुग्णाचे उपचार लागू पडताहेत की नाही, आजार परत उलटतोय का, हे बघायला डॉक्टर या तपासण्या वापरतात आणि तिथे त्या कामाच्या आहेत. धडधाकट माणसांच्या रांगेतून कॅन्सर निवडून काढायला त्या चालत नाहीत. सीए-१२५ चं तर फार मोठं उदाहरण समोर आहे. इंग्लंडात दोन लाखांहून जास्त बायांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला, २०२१ मध्ये त्याचा निकाल आला. दरवर्षी रक्त तपासल्यामुळे अंडाशयाचा कॅन्सर काही जणींमध्ये आधीच्या टप्प्यात सापडला, पण त्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. लवकर सापडणं आणि जीव वाचणं यात अंतर असतं, हे मला या एका निकालाने जितकं कळलं तितकं कशानेच कळलं नाही.

नवीन तपासण्या मात्र वेगळ्या जातीच्या आहेत, आणि त्यांना जुन्या पॅकेजच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. शरीरातल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सांडतात. गाठीच्या पेशींचेही सांडतात. त्या तुकड्यांवर काही रासायनिक खुणा असतात आणि त्या खुणांच्या मांडणीवरून तुकडा निरोगी पेशीचा की कॅन्सरचा, आणि शरीराच्या कोणत्या भागातून आला, हे ओळखता येतं. अमेरिकेत ग्रेल कंपनीची 'गॅलेरी' ही अशी तपासणी २०२१ पासून मिळते, किंमत ९४९ डॉलर. आपल्याकडे रिलायन्सच्या मालकीच्या स्ट्रँड लाइफ सायन्सेसने डिसेंबर २०२४ मध्ये 'कॅन्सरस्पॉट' बाजारात आणली. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सने स्तनाच्या कॅन्सरसाठी वेगळ्या पद्धतीची रक्ततपासणी तयार केली आहे. मराठी मुलखातल्या प्रयोगशाळेत असं काम होतं याचा मला अभिमान वाटतो.

पण यातली गोम विज्ञानातच आहे. गाठ जितकी लहान, तितके तिचे तुकडे रक्तात कमी. म्हणजे ज्या वेळी सापडायला हवी, नेमकी त्याच वेळी ती रक्तात कमी दिसते. गॅलेरीच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात कॅन्सर असलेल्या सगळ्या लोकांपैकी ५१.५ टक्क्यांमध्ये तपासणीने तो ओळखला. चौथ्या स्टेजला हे प्रमाण ९० टक्के होतं आणि पहिल्या स्टेजला १६.८ टक्के. निरोगी माणसाला चुकून 'कॅन्सरची खूण आहे' असं सांगण्याचं प्रमाण मात्र फार कमी होतं, अर्धा टक्का.

अर्धा टक्का ऐकायला बरा वाटतो. हिशेब मांडून बघू. समजा आमच्या तालुक्यात पन्नाशीवरच्या १०,००० लोकांची ही तपासणी केली आणि त्यातल्या ६० जणांना खरोखर कुठे ना कुठे कॅन्सर आहे. तपासणी त्यातले तीसेक पकडेल. तीस जण हातात 'खूण नाही' असा रिपोर्ट घेऊन घरी जातील, माझ्या त्या शिबिरातल्या माणसासारखे. आणि कॅन्सर नसलेले पन्नासेक जण 'खूण आहे' असा कागद घेऊन येतील. या ऐंशी लोकांना आता स्कॅन करायचं आहे, एंडोस्कोपी करायची आहे, संशयाच्या जागेचा तुकडा काढून तपासायचा आहे, म्हणजे बायोप्सी. कुठे? कोणाच्या पैशाने? इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने गॅलेरीचा अभ्यास हाती घेतला तेव्हा ५० ते ७७ वयाचे १,४०,००० लोक त्यात घेतले, आणि खूण सापडलेल्या माणसाला तिथल्याच सरकारी रुग्णालयात पुढच्या तपासण्यांसाठी पाठवायची सोय आधी लावली. पुढची वाट ठरल्यावर रक्त काढलं. आपल्याकडे जाहिरात आधी येते.

आता आमच्या मातीतला कॅन्सर कसा आहे ते बघा. भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो तोंडाचा कॅन्सर. विदर्भात त्याचं कारण शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. कोणत्याही पानठेल्यावर उभे राहा. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना पन्नीत टाकून तळहाताने घासतात, घासून घासून गरम करतात, आणि तीच पन्नी गुंडाळून गिऱ्हाईकाच्या हाती देतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र डोळ्यांसमोर घोटला जातो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दारू-तंबाखूविरुद्ध 'मुक्तिपथ' हे काम २०१६ पासून जिल्हाभर चालवलं, ते उगाच नाही. वेचणीच्या वेळी मजुरांना सकाळी खर्र्याची पुडी देणारे शेतमालक मी पाहिले आहेत. बाया मागे नाहीत, कोणी खर्रा खातं, कोणी दाताला तंबाखूचं गुडाखू घासतं.

आणि हा कॅन्सर लपून बसत नाही. बऱ्याचदा तो होण्याच्या कितीतरी आधी तोंड आखडतं, तिखट झोंबतं, पांढरा किंवा लाल चट्टा येतो, न भरणारी जखम होते. रक्तातले अदृश्य तुकडे शोधण्याची गरज जिथे सगळ्यात कमी, तिथेच आपण ते शोधायला निघालो आहोत. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात हा प्रयोग झालेला आहे. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन, तीन-तीन वर्षांच्या अंतराने, फक्त उजेडात तोंड पाहिलं. २००५ मध्ये निकाल आला. सगळी लोकसंख्या धरली तर फरक ठामपणे सांगण्याएवढा नव्हता, पण तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. आमच्याकडे व्यसन असलेला माणूस शोधायला दूर जावं लागत नाही.

बायांच्या बाबतीत तर पुरावा महाराष्ट्राचाच आहे, आणि तो आपल्याच लोकांना माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या लोकांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांना अभ्यासात घेतलं. एका गटातल्या बायांची एकदाच, हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी केली, गर्भाशयाच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्यातून. आठ वर्षांत त्या गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटाच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी त्याहून साधी गोष्ट केली. दहावी शिकलेल्या बायांना चार आठवडे शिकवलं, त्यांनी व्हिनेगरसारखं सौम्य अ‍ॅसिड लावून गर्भाशयाचं तोंड डोळ्यांनी तपासलं. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्तन हाताने तपासण्याचा मुंबईतला अभ्यास वीस वर्षं चालला. पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये त्याने मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी केले, त्याहून तरुण बायांमध्ये तसा फायदा दिसला नाही. हात, डोळे, उजेड आणि थोडं अ‍ॅसिड. या तपासण्यांनी जीव वाचतात हे इथे, या राज्यात, या देशात सिद्ध झालेलं आहे. रक्ताच्या नव्या तपासणीला एवढा पुरावा उभा करायला अजून पुष्कळ चालायचं आहे.

मग हे का होत नाही? कागदावर होतं. २०१६ पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत की तिशीवरच्या प्रत्येकाची तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी ठरावीक काळाने तपासणी व्हावी. आशाताई घरोघर सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका विचारणारा सरकारी फॉर्म, भरतात. तंबाखू खाता का, कंबरेचं माप किती, तोंडात जखम आहे का, छातीत गाठ आहे का. फॉर्म भरला की काम झालं असं वरच्यांना वाटतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायांपैकी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कधीतरी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. स्तनाची ०.९ टक्के. तोंडाचीही ०.९.

यात आशाताईंचा दोष काढू नका. माझ्या ओळखीच्या एक आशाताई सांगत होत्या, "मी विचारतो ना बाईले, अंगावरून पांढरं जाते का, तर ते म्हणते नाही. सासू बाजूलेच बसून राहते. आन् हो म्हटलं तरी म्या तिले कोठी नेऊ? उपकेंद्रात आडपडदा नाही, टेबल नाही." एवढ्या दोन वाक्यांत सगळा अहवाल आला. प्रश्न विचारणारी आहे, पण उत्तर 'हो' आलं तर पुढे काय, हे कुणी ठरवलेलं नाही. बाईला 'आठ दिवसांनी तालुक्याला या' म्हणणं सोपं आहे. एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, ते चांगलंच झालं, पण बुडालेला रोज कोण भरून देणार? निंदणाच्या दिवसांत कोणती बाई स्वतःच्या अंगातल्या, न दुखणाऱ्या गोष्टीसाठी रोज बुडवेल? न दुखणं हाच तर लवकरच्या कॅन्सरचा स्वभाव आहे.

पुढचा टप्पा मला सगळ्यात जास्त छळतो, कारण माझ्या टेबलावरून तो रोज दिसतो. उपचारांसाठी आज आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आहे, पाच लाखांचं कवच आहे. ज्यांचा उपचार त्यात झाला ते हात जोडतात, मी कितीतरी घरं बघितली. पण योजनेची पॅकेजेस उपचाराभोवती बांधलेली आहेत. कॅन्सर आहे हे सिद्ध झालं की योजना हात धरते. तो आहे की नाही हे ठरवण्याच्या काळात, म्हणजे सुई टोचून तपासणी, सोनोग्राफी, तुकड्याचा रिपोर्ट, स्कॅन, आणि त्यासाठी नागपूर-सेवाग्रामच्या चार-पाच खेपा, माणूस बहुतेक वेळा एकटा असतो. सरकारी रुग्णालयात दर कमी आहेत पण खेपा जास्त आहेत. पहिल्या दिवशी डॉक्टर बघतात, दुसऱ्या खेपेला तुकडा काढतात, तिसऱ्या खेपेला रिपोर्ट, तो तयार नसेल तर चौथी. आमच्या गावाहून नागपूर दीडशे किलोमीटर आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्याच्या माणसाला तर गडचिरोलीच दोनशेच्या आसपास पडतं. या मधल्या रस्त्यावर माणसं गळतात. कोणी सोयाबीन काढायला परत जातं, कोणी गावातल्या जडीबुटीवाल्याकडे, आणि परत येतं तेव्हा पहिल्या स्टेजची तिसरी झालेली असते. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याचं राष्ट्रीय कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज, आहे, एम्स आहे, सेवाग्रामला कस्तुरबा आहे. शेक (रेडिएशन) आणि केमो देणारी ठिकाणं विदर्भात वाढली. तिथवर वेळेत पोचवणारी साखळी वाढली नाही.

मला माझ्याच धंद्यातले मित्र विचारतात, मग काय गरिबाने नवं तंत्रज्ञान मागूच नये? शहरातला माणूस पैसे टाकून रक्त तपासून घेणार आणि खेड्यातल्याला तुम्ही म्हणणार, तू तोंड उघड? प्रश्न खरा आहे आणि तो मला टाळायचा नाही. स्वादुपिंड, अंडाशय, पित्ताशय यांचे कॅन्सर बाहेरून दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, आणि सापडतात तेव्हा बहुधा हाताबाहेर गेलेले असतात. रक्ततपासणीचं खरं आश्वासन तिथे आहे. ती उद्या खरोखर मृत्यू कमी करते असं सिद्ध झालं तर खेड्यातल्या माणसाचा तिच्यावर तेवढाच हक्क आहे, आणि तो हक्क सरकारी दवाखान्यातून, फुकट, मिळाला पाहिजे. म्हणूनच त्या तपासण्यांचे अभ्यास आपल्या माणसांवरही झाले पाहिजेत. तंबाखू खाणाऱ्या, टीबी होऊन गेलेल्या, अंगात रक्त कमी असलेल्या माणसांवर. पुण्या-मुंबईच्या आरोग्य तपासणीला येणाऱ्या गिऱ्हाइकांवरून मेळघाटातल्या बाईचं ठरवू नये. नमुन्याचाही प्रश्न आहे. या तपासणीला खास द्रव भरलेली नळी लागते, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचाच डीएनए मिसळून सगळा घोळ होतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात एसटीच्या डिक्कीतून गेलेल्या नळीचं काय होतं, हे इथेच तपासावं लागेल.

पण तोवर? तोवर जिल्हा नियोजनाच्या बैठकीत, ग्रामसभेत, आमदाराच्या दारात आपण काय मागायचं ते स्पष्ट असावं. प्रत्येक उपकेंद्रात एक टॉर्च, एक टेबल, एक पडदा आणि तपासायला शिकवलेली सीएचओ, म्हणजे उपकेंद्रातली आरोग्य अधिकारी, आठवड्याचा एक ठरलेला दिवस, तोही बाजाराचा, म्हणजे वेगळा रोज बुडणार नाही. एचपीव्ही तपासणी सरकारी यंत्रणेतून. संशय आलेल्या माणसाचा तुकडा शक्यतो तालुक्यालाच काढून नमुना नागपूरला जावा, माणसाने जाऊ नये. रक्त मी रोज पाठवतो, तुकडाही फॉर्मॅलिनच्या बाटलीत जाऊ शकतो. निदान होईपर्यंतच्या तपासण्या आणि प्रवास योजनेत घ्यावा. आणि शिबिरांतून धडधाकट लोकांना 'कॅन्सर पॅकेज' विकायला बंदी असावी. ही शेवटची मागणी माझ्या पोटावर येते हे मला कळतं. मी ते पॅकेज बंद करून सहा वर्षं झाली.

त्या दिवशी आलेल्या कास्तकाराचं रक्त मी काढलं नाही. एका ओळखीच्या दंतवैद्याला फोन केला, चिठ्ठी दिली. तो दोन खेपा जाऊन आला. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही, पण चट्टा धोक्याचा आहे, खर्रा पूर्ण बंद आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायचं असं सांगितलं आहे. खर्रा त्याने दोनवर आणला आहे, बायकोचं म्हणणं चारवर. त्याची पुढची तारीख पेरणीच्या ऐन धांदलीत, जूनच्या शेवटच्या आठवड्यात येते. उपकेंद्रात विचारलं, अशा माणसाचं नाव लिहायला तुमच्याकडे वही आहे का? नव्हती. ती तारीख सध्या माझ्या सेंटरच्या फ्रीजच्या दारावर, नळ्यांच्या यादीशेजारी, चिकटपट्टीने लावलेली आहे.